कालव्यात सोडलेलं पुस्तक

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर आधीच माफी मागते. हे मला कुणाला सांगता आलेलं नाही, म्हणून लिहिते.

मी हडपसरला एका मोठ्या सोसायटीत पोळी-भाजी करायला जायची. ताई आणि साहेब दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत, काही वर्षं अमेरिकेत राहून आलेले. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, आठ वर्षांची. शाळेला सुट्टी असली की मी मुलीला सोबत न्यायची. दोघी फरशीवर पालथ्या पडून चित्रांची पुस्तकं बघायच्या. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी भुतांचा सण असतो, हॅलोविन म्हणतात, त्याची ती पुस्तकं.

माझ्या मुलीच्या हातांवर आणि मानेवर कोड आहे. शाळेत तिच्याशेजारी कुणी डबा खात नसे. कुणी विचारू नये म्हणून मीच तिला पूर्ण बाह्यांचे कपडे शिवून घ्यायची. त्या वर्षी सोसायटीतली मुलं भुतं बनून दारोदार खाऊ मागणार होती. ताईंच्या मुलीने हिलाही बोलावलं. तेव्हापासून हिने एकच धरलं, बिनबाह्यांचा फ्रॉक घालूनच जायचं. हे कुठून आलं मला कळेना. बघू म्हणाले.

घरी दिवाळीची आवराआवर करताना तिच्या उशीखाली एक पुस्तक सापडलं. मैत्रिणीने वाचायला दिलेलं. पानोपानी भुतं, खाली इंग्रजी. सासूबाई म्हणाल्या, "आधीच पोरीच्या अंगावर हे असलं. त्यात तू अमावस्येच्या तोंडावर भुतं घरात ठेव."

छापलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, हे लहानपणापासूनचं. म्हणून मी ते निर्माल्याबरोबर कालव्यात सोडलं. वर हातही जोडले.

मुलगी शाळेतून आली, सगळीकडे शोधलं, मग मला विचारलं. मी सांगितलं. ती रडली नाही.

"आई, त्यातल्या एका भुताला माझ्यासारखे डाग होते. ते चादर पांघरून हिंडायचं. मग सणाच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर चादर काढली."

दप्तर खुंटीला अडकवत म्हणाली, "तू त्यालाच टाकलंस."

चार दिवसांनी तो सण आला. फ्रॉक मी स्वतः इस्त्री करून आणला, जा म्हणाले. तिने पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला आणि अभ्यासाला बसली.

ताईंना मी खरं ते सांगितलं. चुकले म्हणाले. त्या म्हणाल्या, "मावशी, पुस्तक परत करायचं असतं, विसर्जन नाही." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, राहू द्या म्हणाल्या. मी किंमत विचारली. सातशे रुपये. दर महिन्याला पगारातून शंभर कापा, असं मीच सांगितलं. ताईंपुढे चुकले म्हणता आलं, मुलीपुढे तोंडातून शब्द निघाला नाही. आता ती मोठी झाली आहे, आणि अजून निघत नाही.

त्या सणानंतरच्या मे महिन्यात ती माझ्याबरोबर आली होती. घामाने पाठ भिजलेली, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. दुमडून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. त्याच दिवशी ताईंनी शेवटचे शंभर कापून पगार हातात दिला आणि म्हणाल्या, मावशी, तुमचे सगळे पैसे फिटले.