आमचं पीक

गेल्या रविवारी कापणीच्या सणाला पाळकसाहेब आणि सारी मंडळी हजर असताना, चर्चच्या अंगणात अर्पणांचा लिलाव झाला. गहू, भोपळे, कोंबड्या गेल्या. मग नगरपालिकेत सफाई करणाऱ्या मार्थाबाईंनी स्वतः बांधलेला झाडू आला.

"आमचं पीक हेच," त्या म्हणाल्या.

वीस रुपयांपासून बोली. पण कोणी बोलेना. मार्थाबाईंची मान खाली गेली. मला वाटलं, येशूच्या घरी, नासरेथच्या त्या सुताराकडेही, लाकडाचा भुसा पडत असेल, आणि तो झाडणारा हात देवाने पाहिला असेल.

"पन्नास!" मी म्हणालो.

"साठ!" मागून एस्तेरआजी ओरडल्या. "आपलं हे देऊळ काय गव्हाने झाडता रे?"

हशा पिकला, बोली चढली, माझा जीव भांड्यात पडला. अखेर दोनशे दहा रुपये मी खजिनदारांच्या हाती ठेवले. मार्थाबाईंनी मान वर करून बजावलं, "अंगणाला नाही हं, घरातला आहे तो."