सारूने बांधलेला पाइप

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्मे अर्धवट सोडून देतोय. या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे मी. मशीन बंद पडलं की कारण शोधायचं, यावरच माझं पोट चालतं, आणि कारण सापडतंच. फक्त या एका बाबतीत अजून सापडलेलं नाही... म्हणून लिहितोय.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वळसंगला राहतात. त्यांची एक जुनी डिझेल जीप होती. गावातल्या बायकांना सोलापुरात गारमेंटच्या कामाला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हा त्यांचा धंदा. अण्णा-वहिनींना एकच मुलगी, सारिका. घरात सगळे सारू म्हणायचे. आयटीआयला तिने हट्टाने डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला. वर्गात ती एकटीच मुलगी. सुरुवातीला गावात लोक हसले, नंतर तेच लोक ट्रॅक्टर घेऊन दारात यायला लागले.

जीपमध्ये बायोडिझेल घालायला सुरुवात केली ती सारूनेच. गाडी छान चालायची, धूर कमी झाला. पण एक अडचण असते — जुन्या गाड्यांच्या डिझेलच्या रबरी पाइपांना हे तेल मानवत नाही. पाइप फुगतात, हाताला चिकट लागतात, मऊ पडून पाझरायला लागतात. फिल्टरजवळचा पाइप असाच पाझरायला लागला तेव्हा सारूने त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तांब्याच्या तारेने आवळलं. तात्पुरतं. सारू डावखुरी होती, त्यामुळे तिने आवळलेल्या तारेला पीळ नेहमी उलटा पडायचा. मी चिडवायचो तिला त्यावरून.

“काका, सगळे पाइपच बदलायला पाहिजेत की. तुमाला सुट्टी असली की या, दोघं मिळून करू,” असं ती फोनवर म्हणाली होती.

त्यानंतर तिला ताप आला. डेंग्यू निघाला. सोलापुरात दवाखान्यात आणलं, पण प्लेटलेट्स उतरत गेल्या त्या गेल्याच... लग्नाची बोलणी चालू होती तिच्या.

पुढचे काही महिने जीप तशीच उभी होती. मग अण्णांनी परत काढली, कारण घरात बसून ते वेडे झाले असते. एक दिवस त्यांचा फोन आला. “बसू, गाडी लई वास मारालीय. खाली तेल सांडतंय.”

मी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी विचारलं कोणतं तेल घालता ते, आणि मग आतून वेगळाच पाइप काढला. “बायो के वास्ते ये अलग आता, भाई. सादा डाले तो फिर फूल जाता.” तोच घेतला, क्लिपा नव्या घेतल्या आणि रविवारी वळसंगला गेलो. सकाळच्या उन्हात टाकीपासून फिल्टरपर्यंत, फिल्टरपासून पंपापर्यंत, शिवाय उरलेलं तेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा — सगळे पाइप मी स्वतःच्या हाताने बदलले. हवा काढली, गाडी चालू केली. एक थेंब पाझरत नव्हता. जुने पाइप कुंपणाशी टाकले.

अण्णा सगळा वेळ बाजूला उभे होते. तारेने आवळलेला पाइप काढताना म्हणाले, “त्यो तेवढा राहू दे की.”

“अण्णा, तोच तर पाझरतोय.”



काही दिवसांनी त्यांचा परत फोन. परत वास, परत तेल. मी जाऊन बॉनेट उघडलं. फिल्टरजवळ तोच जुना पाइप बसलेला. सायकलची ट्यूब, तांब्याची तार, उलटा पीळ. बाकीचेही जुनेच.

मला वाटलं ते अगदी साधं होतं. अण्णांनीच कुंपणापासून आणून परत बसवले. बाप आहे, पोरीच्या हातचं टाकवलं नसेल. मी हळूच म्हणालो, “अण्णा, तुमचं दुःख मला कळतं. पण यानं गाडी पेट घेईल. गाडीत बायका बसतात.”

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. “मी? बसू, मला पान्याला हात लावायला तरी येतंय का रे? सगळं तीच करायची.”

हे खरं होतं. पण मी ते मानलं नाही. परत नवे पाइप आणले. या वेळी त्यांवर पिवळ्या पेंटने खुणा केल्या. जुने सगळे कटरने बोटाएवढे तुकडे करून पिशवीत भरले, आमच्या कारखान्यात नेले आणि भंगाराच्या पिंपात ओतले. बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून दोघंही आमच्याकडे सोलापुरात राहायला आले. वळसंगचं घर बंद, जीप अंगणात उभी. अण्णांचा डोळा बरा झाल्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. दुपार होती. कुलूप जसंच्या तसं होतं. मी किल्लीने उघडलं, बॉनेट वर केलं...

अख्खा पाइप. तुकडे केलेला, मी स्वतः तुकडे केलेला पाइप — अख्खा. ट्यूब, तार, उलटा पीळ. खाली मातीत तेलाचा ओला डाग. माझे पिवळ्या खुणांचे पाइप कुठेच नव्हते.

मी फोटो काढला. तो अजून मोबाइलमध्ये आहे. पण फोटोत एक तेलकट पाइप दिसतो, बस. तो बघून कुणाला काय पटणार?

आणि अण्णा... अण्णा हसत होते. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा. त्या तारेवरून बोट फिरवत म्हणाले, “बघ बसू. हितंच हाय ती. कुटं गेली न्हाय.”

वहिनी दारातून बघत होत्या. त्या अक्कलकोटकडच्या, घाबरल्या की कानडी शब्द तोंडात येतो. “ब्याड, ब्याड,” म्हणजे नको, नको म्हणत पुढे आल्या आणि माझा दंड धरला. “भावजी, नको ही गाडी घरात. ती बापाला न्यायला बसलीय.”

“गप्प बस!” अण्णा ओरडले. “माझी सारू मला मारंल व्हय?”

त्या दिवसापासून त्या घरात दोन माणसं एकाच मुलीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी मानून राहायला लागली. दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटलं. मी दोघांनाही समजावायला जायचो, पण काय समजावणार? मला स्वतःलाच काही समजत नव्हतं. अण्णांनी पाइपाला मला परत हात लावू दिला नाही. तशीच पाझरती गाडी चालवत राहिले. शेवटी अक्कलकोट रोडवर, बायका बसलेल्या असताना, बॉनेटमधून धूर आला. सगळ्यांनी घाबरून उड्या टाकल्या. एकीचा पाय मोडला. रस्त्यावरच्या लोकांनी माती टाकून आग विझवली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई त्यांच्या गाडीत बसली नाही.

तरी अण्णा रोज सकाळी गाडी चालू करायचे. रिकामीच. स्टिअरिंग धरून बसून राहायचे, खाली तेल गळत असायचं.

मी अण्णांना सोलापुरात डोळे तपासायला घेऊन आलो होतो, त्या दिवशी वहिनींनी जीप भंगारवाल्याला देऊन टाकली. अण्णा घरी परतले तर अंगण मोकळं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला फोन लावला, आणि लहान मुलासारखं म्हणाले, “बसू, गाडी जाऊ दे. तेवढा पाइप आणून दे मला.”

मी तसाच भंगारवाल्याकडे गेलो. जीप अजून कापली नव्हती. तो म्हणाला, “घ्या की काढून,” आणि त्याने बॉनेट वर केलं. “पण पाइप तर नवेच हायत की.”

मी वाकून बघितलं. टाकीपासून फिल्टर, फिल्टरपासून पंप, रिटर्न. सगळे नवे पाइप. माझ्या पिवळ्या खुणा. माझ्या क्लिपा, मीच आवळलेल्या. एक थेंब तेल नव्हतं बाहेर. मी त्या माणसाला दोन-दोनदा विचारलं, त्याने कुणाला हात लावू दिला का. तो चिडला. गाडी टोचन करून आणल्यापासून बॉनेटच उघडलं नव्हतं म्हणाला, माझ्यासमोर पहिल्यांदा उघडलं.

काय करायचं? खोटं सांगायचं मनात आलं, पण हातात द्यायला काहीच नव्हतं. मी वळसंगला जाऊन जे बघितलं ते सांगितलं. अण्णा मोकळ्या अंगणात जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “मंजे उतरली ती. कुटं उतरली आसंल रं?”

त्यानंतर अण्णा फारसे बोललेच नाहीत. जेवायला वाढलं तर जेवतात, झोप म्हटलं तर झोपतात. डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या चालू आहेत. फरक नाही.

मी विचार करून थकलो. मला भास झाला म्हणावं, तर धूर खरा होता, त्या बाईचा पाय खरा मोडला. कुणी माझ्याशी खेळ केला म्हणावं, तर कोण करणार आणि कशासाठी? आणि सारूच असेल, तर... बापाची एवढी लाडकी पोर, त्याच्याच गाडीत तेल कशाला सांडेल? की सांडत नव्हती, दुसरंच काही सांगत होती? तुमच्यापैकी कुणाला असा काही अनुभव आलेला असेल तर जरूर लिहा. मला उत्तर नको, निदान असं होतं एवढं तरी कळू दे.

आता मी गेलो की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. वहिनी चहा आणून ठेवतात आणि मी उठेपर्यंत समोर बसून राहतात. निघताना दरवेळी उंबऱ्याशी अडवून, अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात, “भावजी, खरं सांगा... मी घालवली व्हय तिला?”

मी चपला घालतो आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघतो.