चतुराबाईचा पाय

धावडा गावाला चतुराबाईचं तोंड नको होतं, तिचा पाय पाहिजे होता. बाई जन्मली ती पायांकडून, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसाने पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे निजामाच्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत. सकाळी उपाशीपोटी यायचं, उंबऱ्याजवळच्या पोत्यावर पालथं पडायचं, बाईने डावा पाय तीनदा कमरेला लावला की उठून चालू लागायचं. जाताना वळून बघायचं नाही. बघितलं तर उसण परत भरते. नवरा गेल्यापासून बारा वर्षं बाईने गाव पाहिलं ते असं पाठमोरं.

पावसाळ्यात तर तेवढंही नाही. पायाळूवर वीज पडते म्हणे! आभाळ गडगडलं की शेजारची उषाबाई हिला आपल्या ओसरीवरून उठवायची. कंबर धरली की मात्र तीच सगळ्यांच्या आधी पोत्यावर हजर. अशांना काय म्हणावं?

ओझं उचलताना भरलेली उसण आठ-दहा दिवसांत आपोआपच जाते, पाय लावा नाहीतर लावू नका, हे बाईला कधीच कळून चुकलं होतं. पण ती बोलली नाही. बोलली असती तर दारात आलं कोण असतं?

कडूबा गाडीवान तेवढा वेगळा. जालन्याच्या जिनिंगला कापूस नेणारा, बायको वारलेला, बोलघेवडा गडी. पाय लावून झाला तरी पोत्यावरच मांडी ठोकायचा. "जाताना वळून बघायचं न्हाई ना? मंग मी जल्दी जातच न्हाई," म्हणायचा आणि तासभर हसवायचा. असे सहा सोमवार झाले. सोमवारी बाई केस विंचरून, गुळाचा चहा ठेवून बसू लागली.

सातव्या सोमवारी तो पायरी चढला आणि उजव्या पायातली वहाण मागेच गळून पडली. त्याला पत्ताही नव्हता. बाईने ती पाहिली.

"आज उताणे पडा," ती म्हणाली. तिने त्याचा पाय सरळ ठेवून वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच तो ओरडला, "अयाई! कमरेपासून टाचेपर्यंत आग गेली!"

"अंगठा वर करा." अंगठा हलला नाही. तिने बोटांच्या बेचक्यात चिमटा घेतला. "दुखलं का?"

"काय दुखलं?"

तिच्या नवऱ्याची, जगन्नाथची, वहाण अशीच गळायची. ती महिनाभर पाय लावत बसली. दोन्ही पाय लुळे पडले, लघवी तुंबली, माणूस गेला.

"अजून दोन सोमवार या," एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. तिने ते गिळले.

"कडूबा, ही उसण न्हाई. आत नस दबून राह्यली. आजच जालन्याच्या दवाखान्यात जा."

"तुमी पाय लावा की. बराबर होतं."

"बिलकुल न्हाई लावणार. माझ्या पायानं काही होत न्हाई."

गावात बोभाटा झाला. बाईच्या पायाचा गुण गेला, तिने स्वतःच कबूल केलं! पोतं ओस पडलं.

दिवाळीनंतर उषाबाईने दारावरूनच सांगितलं, कडूबा परत आला. डॉक्टरांनी दीड महिना फळीवर निजवला, आता ठणठणीत आहे. पुढच्या सोमवारी बाईने चहा ठेवला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या सोमवारी गाडी वाजली. कडूबा बैलांच्या बाजूने चालत होता, ताठ, दोन्ही वहाणा पायात घट्ट. बाई उंबऱ्याशी आली. पण तो दारावरून तसाच पुढे गेला.

"कडूबा!" तिने हाक मारली.

तो थांबला. मान वळवली नाही. पाठमोराच हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या पायाचाच गुण! वळून बघत न्हाई, पुन्हा भरंल." आणि बैलांना हाकून निघाला.

"अवो, त्या दिवशी मी पाय लावलाच न्हाई," बाई म्हणाली. पण गाडी तोवर लांब गेली होती.