उकंडरावांची दुसरी फेरी

बीबी ते लोणार या रस्त्यावर एकतीस वर्षं जीप चालवलेले उकंडराव आमचे शेजारी. नोकरीसाठी लोणारला जाताना मी कित्येक वर्षं त्यांच्याच जीपने गेलो, त्यामुळे हे काही ऐकीव सांगत नाही. नऊ माणसांच्या त्या जीपमध्ये उकंडराव चौदा माणसं बसवत. फाट्यावर हात करणाऱ्याला त्यांनी कधी मागे सोडलं नाही. मान वळवून ते एवढंच म्हणत, "सरका जरा, सरकलं का जागा होते." आणि खरोखरच व्हायची. दुसऱ्या फेरीला डिझेल लागतं, माणसाला सरकायला काहीच लागत नाही, असा त्यांचा हिशोब. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी त्यांनी जीप विकली आणि ते वांगी-टमाट्याच्या मळ्यात रमले. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने, दीपमालाने, नवी कार घेतली. ती कृषी सहायक आहे. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली, तेव्हा जावई हर्षल तिला कारने सोडून गेला आणि कार इथेच ठेवून बसने पुण्याला परतला.

उकंडरावांनी कारभोवती दोन चकरा मारल्या आणि हात पुढे केला. "आण चाबी. लोणारले चक्कर मारून येतो."

दीपमालाने चाबी दिली, पण स्वतःही शेजारी बसली. मी मागे बसलो. पहिल्याच वळणावर उकंडरावांनी जुन्या सवयीने उजवा हात बाहेर काढायला नेला आणि तो बंद काचेवर आपटला. बोटं चोळत त्यांनी हाताशी आलेली दांडी ओढली, तर लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. मागून येणारा दुधवाला हसत हसत पुढे निघून गेला.

"बाबा, तुमचा पट्टा लावलेला दिसत नाई. मंग गाडी काऊन ओरडत नाई?" दीपमालाने विचारलं.

तिने वाकून पाहिलं. त्यांनी पट्टा सीटच्या मागून फिरवून खटक्यात अडकवला होता आणि त्याच्यावर पाठ टेकून ते आरामात बसले होते.

"गाडी फसली बाबा, पण मी नाई फसली." तिने कार बाजूला घ्यायला लावली. "आता नीट आयका. बाळाले दवाखान्यातून घरी तुमीच आणायचं, अशी माही लई इच्छा आहे. पण आधी हे गाडी शिका. माहा इश्वास बसला नाई तं काका आणतीन."

काका म्हणजे मी. माझ्याकडे अकरा वर्षांपासून लहान कार आहे.

"एकतीस वर्सं जीप चालवली म्या," उकंडराव चिडून म्हणाले, "अन तू मले शिकवतं?"

"मी नाई. काका शिकवतीन."

नातवंडाला दुसराच कोणी घरी आणतो आहे, हे चित्र त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्वतःच माझ्या दारात उभे राहिले.

कारसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. मी एकेक पान वाचून मराठीत सांगायचो आणि उकंडराव ते ते बटण दाबून बघायचे. दांड्या दोन दिवसांत जमल्या. डॅशबोर्डवर त्यांनी हौसेने देवीची पितळी मूर्ती चिकटवली होती. तिच्या बरोबर खाली हवेची पिशवी आहे आणि धडक झाली तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते, हे मी सांगितलं.

"म्हंजे देवी फेकल्या जाईन?"

"समोर बसलेल्याच्या तोंडावर."

समोर नेहमी सुभद्राबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसणार होत्या. उकंडरावांनी क्षणभर विचार केला, गालात हसले आणि मूर्ती काढून घरच्या देव्हाऱ्यात ठेवली.

खरी अडचण आली ती ब्रेकची. बाजाराच्या रिकाम्या मैदानात मी टमाट्याची रिकामी कॅरेट मांडायचो. वेगात यायचं आणि कॅरेटच्या अलीकडे जोरात ब्रेक मारून थांबायचं. मैदान बारीक खडीचं. उकंडरावांनी ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल थरथरायचं, करकर आवाज यायचा आणि ते झटकन पाय उचलायचे. पहिल्या दिवशी तीन कॅरेट गेली.

"ब्रेकमंधी काही तुटलं भाऊसायेब. जीपचं पॅडल असं कापलं असतं तं म्या थेट मिस्त्रीकडे नेली असती."

मी पुस्तकातलं पान पुन्हा वाचलं. "काही तुटलं नाही. चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून ती स्वतःच ब्रेक धरते, सोडते, धरते, सोडते. तेच पायाला लागतं."

उकंडरावांनी पाय पुन्हा पॅडलवर ठेवून पाहिला. "म्हंजे जीपमंधी मी पायानं जे ठोकत ठोकत ब्रेक मारत होतो, थे हे करते?"

"तेच. तुमच्यापेक्षा भराभर."

"मंग म्या काय करू?"

"दाबून धरायचं. बस्स."

"काहीच न करणं लई कठीण काम आहे, भाऊसायेब."

पण ते त्यांनी शिकून घेतलं. आठवडाभरात कार कॅरेटच्या हातभर अलीकडे उभी राहायला लागली. पॅडल कापायला लागलं की ते मोठ्याने म्हणायचे, "काप माय, काप, मी काई पाय काढत नाई!" दीपमाला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायची. ती हसायची, पण चाबी रोज परत घेऊन ठेवायची.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी लोणारच्या दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. सकाळी दीपमालाच्या सांगण्यावरून उकंडराव आणि सुभद्राबाईंना बसवून कार मी चालवत नेली आणि चाबी तिच्या हातात दिली. मागच्या सीटवर डावीकडे बाळाची खुर्ची आम्ही आदल्या दिवशीच कड्यांत घट्ट बसवली होती. बाळाचं तोंड मागे असतं, हे पाहून सुभद्राबाई आधी बिघडल्या होत्या. "लेकरू काय पाठ करून येईन घरी?" पण उकंडरावांनी त्यांना बाळाच्या नाजूक मानेचं कारण पुस्तकातल्यासारखं समजावून सांगितलं.

दवाखान्याच्या दाराशी नांदुऱ्याहून आलेले विहीण-व्याही उभे होते. हर्षलचे आईवडील, गीताबाई आणि सहदेवराव. हर्षलला रजा मिळाली नव्हती. नात पाहून गीताबाईंचे डोळे भरून आले होते. त्या थेट कारकडे निघाल्या.

कारमध्ये बाळाची खुर्ची धरून पाच जागा. उकंडराव, दीपमाला, बाळ, सुभद्राबाई, विहीण, व्याही आणि मी, असे सात जण. मी बसने येतो म्हणालो. तरी एक जण जास्तच.

"त्याच्यात काय?" गीताबाई म्हणाल्या. "ते खुर्ची टाका डिक्कीत. नातीले मी मांडीवर घेतो. ह्यायचे गुडघे दुखतात, ह्यायले काय बसमंधी धाडता? सरका जरा, सरकलं का जागा होते!"

सगळे हसले. उकंडराव मात्र हसले नाहीत.

"सोयरीक व्हायच्या आधी तुमच्याच जीपमंधी लोणारचं तळं पाहाले आलतो आमी," गीताबाई पुढे म्हणाल्या. "चौदा जण होतो. इसरले का, इवाईबुवा?"

नव्या सोयरिकीतली विहीण, तीही लेकीच्या सासूबाई. तिला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. सुभद्राबाई पदराचं टोक चाळवत नवऱ्याकडे बघत होत्या. दीपमाला चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बाळ, मुठीत चाबी.

उकंडरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"इसरलो नाई, विहीणबाई. चौदा होते. देवाची कृपा, सारे घरी पोचले. पण हे गाडी पट्टे मोजून माणसं घेते. पट्टे पाच, अन त्यातला एक नातीचा." मग हात जोडून म्हणाले, "मान तुमचाच आहे. तुमी नातीजवळ बसा. इवाई अन भाऊसायेब तठी टपरीवर चहा घेतीन. मी दुसरी फेरी मारतो."

"दुसरी फेरी? तुमी?" सुभद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं. "उभ्या जन्मात मारली नाई!"

गीताबाई क्षणभर फुरंगटल्या. मग नातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नातीजवळ मीच बसणार ना? मंग ठीक आहे. ह्यायले भजे चारा दोन, गुडघे आपोआप बरे होतीन."

दीपमालाने मूठ उघडली. "घ्या बाबा," एवढंच म्हणाली.

कार बैलगाडीच्या वेगाने फाटकाबाहेर पडली. वळताना योग्य बाजूचा दिवा लुकलुकला आणि वायपर जागचे हलले नाहीत.

सहदेवरावांनी दोन नाही, सहा भजी खाल्ली. दीडेक तासाने उकंडराव परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. पोरगी सबंध रस्ता झोपली, म्हणाले. मग सहदेवराव पुढच्या सीटवर बसून दार ओढतात न ओढतात तोच उकंडराव त्यांच्या अंगावरून ओणवे झाले, पट्टा ओढला आणि खटका वाजेपर्यंत सोडला नाही.

"गच्च होते, इवाईबुवा," सहदेवराव पोट सावरत म्हणाले.

"भजे कोणी खाल्ले?" उकंडराव म्हणाले आणि आरशात माझ्याकडे पाहिलं. "भाऊसायेब, तुमच्या खटक्याचा आवाज नाई आला."

मी पट्टा लावला. मगच गाडी हलली.