देवापुढे ठेवलेला ठोकळा

दादाच्या फुप्फुसातला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून मिळाला, तो मी शर्टाच्या खिशात घालून अंबाजोगाईहून परळीला आणला. काडेपेटीपेक्षाही लहान होता. दादा माझा थोरला भाऊ, टिपरवर ड्रायव्हर, आयुष्यात बिडीला हात न लावलेला. केमोनं तो पार खंगला होता. डॉक्टर म्हणाले होते, या तुकड्याची पुण्यात जनुकांची तपासणी करू. ठरावीक दोष निघाला तर त्यावर नेमकी गोळी आहे, घरी बसून घेता येते. लोक दोष निघू नये म्हणून हात जोडतात. आम्ही निघावा म्हणून जोडत होतो.

आमच्या घरात महत्त्वाची वस्तू आधी देवापुढे जाते. परीक्षेचं हॉलतिकीट, नव्या गाडीची किल्ली, लग्नपत्रिका. ठोकळाही गेला. आई शेजारी गेली होती, म्हणून संध्याकाळचा दिवा मीच लावला, ठोकळ्याला बोटानं कुंकू लावलं आणि जागा नव्हती म्हणून तो समईला खेटून ठेवला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मेण कशानं वितळतं ते दरवर्षी पोरांना मेणबत्ती पेटवून दाखवतो. त्या दिवशी मात्र अक्कल गहाण पडली होती.

तासाभरानं बघतो तर एक कड ओघळलेली. मी फुंकर घालत बसलो. मेण पुन्हा घट्ट झालं. कुंकू नखानं खरवडलं, निघालं तेवढं काढलं. डॉक्टरांना फोन करायला हवा होता, पण लाज वाटली. सकाळी पुण्याची गाडी धरली आणि ठोकळा देऊन आलो.

त्यानंतर दादा रोज विचारायचा, "आला का रं रिपोर्ट?" गोळी सुरू झाली की दिवाळीपर्यंत टिपरवर बसायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, नमुना तपासणीयोग्य नाही. डॉक्टर म्हणाले, तुकडा मुळात लहान होता, उष्णतेनंही बिघडतो, नक्की सांगता येत नाही. पुन्हा सुई घालून तुकडा काढायला हवा होता. पण दादाला तोवर धड आडवंही होता येत नव्हतं. ते जमणार नाही, असं त्यांनीच सांगितलं.

रिपोर्टबरोबर ठोकळाही परत आला. दादानं पाकीट उघडून तो बराच वेळ हातात फिरवला. ओघळलेली कड, आणि तिच्यात अडकलेला लाल ठिपका.

"आईनं ठिवलाय दिव्यापाशी," तो म्हणाला. मग दम खाऊन, "तिला काई बोलू नगंस. म्हातारी जीव दील."

मी बोलणार होतो. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. त्यानं ठोकळा उशीखाली सरकवला आणि ती गेल्यावर माझा हात धरला.

"न्हाई बोलणार म्हण."

"न्हाई बोलणार," मी म्हणालो.

त्यानंतर दादा महिनाभर जगला. आयुष्यभर आईवर खेकसणारा माणूस, त्या महिन्यात तिच्याशी फार मऊ बोलायचा. तिनं भरवलेला घास नको असला तरी गिळायचा. तिला माफ करत होता तो. मी शेजारी बसून ते बघत राहिलो.