आधी गाय, मग चूक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एस्तेरबाई गायकवाड यांचं नाव घेतो. आईवडिलांनी मला शिकवलं. शिकलेलं वापरायचं कसं, ते बाईंनी दाखवलं. राहाता तालुक्यातल्या एका दूध संघात, पशुवैद्यकीय विभागाच्या छोट्या खोलीत, त्या तीसएक वर्षं टेलिफोनजवळ बसल्या. गाय-म्हैस आजारी पडली की शेतकरी संघाला कळवतो, त्याला आमच्याकडे वर्दी देणं म्हणतात. वर्दी घ्यायची, जवळचा डॉक्टर शोधायचा आणि त्याला पाठवायचं, हे बाईंचं काम. म्हणून त्यांना सगळे वर्दीबाई म्हणत. या कामात एक शब्द त्या फार जपून वापरायच्या. तो शब्द म्हणजे 'झालं'.

"बाई, डॉक्टरांना फोन केलात?"

"केला."

"मग झालं की."

"फोन झाला. काम कुठं झालं? डॉक्टर गोठ्यात उभा राहू दे, मग बोलू."

मी त्या खोलीत आलो तो त्यांची जागा घेणारी यंत्रणा तयार करायला. माझं घर पाथर्डीकडचं. वडील सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत. घरात पदवी मिळवलेला मीच पहिला. नगरच्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्स करून बाहेर पडलो आणि संघानं सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. सहा महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी माणूस नेमायचा नाही, असं ठरलं होतं. त्या दिवसापर्यंत माझी यंत्रणा उभी राहिली तर मी नोकरीत कायम. नाही राहिली तर शेकडो गोठ्यांची हाक ऐकायला त्या खोलीत कुणी नसणार होतं.

मी यंत्रणा समजावून सांगितली. शेतकऱ्यानं मोबाईलवर नाव, गाव, जनावर आणि त्रास भरायचा. यंत्रणा ते सभासदांच्या यादीशी जुळवणार, जवळचा डॉक्टर निवडणार, त्याला निरोप पाठवणार. माणसाचा हात कुठंही लागणार नाही. बाईंनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या यंत्राला 'मला कळलं नाही' असं म्हणता येतं का?"

"तशी वेळच येणार नाही, बाई."

"मग मला त्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून वळल्या.

बाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या. वडील त्याच शाळेत मास्तर. सकाळी खुर्चीवर बसल्यावर मिनिटभर डोळे मिटायच्या आणि डोळे उघडल्यावर आधी कालच्या चुका वहीत लिहायच्या. कोणती वर्दी उशिरा पोचली, कुठल्या गावाचा रस्ता चुकीचा सांगितला, असलं सगळं. मी एकदा हसलो तेव्हा म्हणाल्या, "देवाकडं माझ्या सगळ्याच चुकांची वही आहे. त्यातली एकदोन पानं मी लिहिली तर त्याचं काम तेवढंच हलकं."

यंत्रणा सुरू झाली. पहिले तीन दिवस पडद्यावर सगळं हिरवं होतं. 'प्रलंबित वर्द्या: शून्य' हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा वाचायचो. संघाच्या अध्यक्षांनी पाहुण्यांना आणून तो पडदा दाखवला. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास पुणतांब्याच्या बाजूचा एक शेतकरी मोटरसायकलवरून आला. हेल्मेट हातात, पाय चिखलानं भरलेले.

"वर्दीबाई, डॉक्टर कुठं हायती? सकाळी सातला वर्दी दिली. गाय अडलीया, वासराचा पाय आडवा हाय. मोबाईलवर मेसेज बी आला, 'आपली नोंद झाली'. चार तास झाले, कोन न्हाई."

मी पडदा बघितला. प्रलंबित वर्द्या शून्य. मी तसं म्हणालोही. त्या माणसानं माझ्याकडे एकदाच बघितलं. "मग माझी गाय काय खोटं बोलतीया व्हय?"

मी कळफलकावर बोटं चालवू लागलो. कुठं बिघडलं ते मला शोधायचं होतं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "अमोल, आधी गाय, मग चूक." त्यांनी फोन उचलला, डॉक्टरांना गाठलं, शेतकऱ्याला त्यांना वाटेत भेटायला पुढं पाठवलं आणि दर पंधरा मिनिटांनी विचारत राहिल्या. दीडच्या सुमारास निरोप आला, कालवड झाली, गाय उभी आहे. तेव्हा कुठं त्या माझ्याकडे वळल्या. "हं. आता सांग."

चूक सापडली होती. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं होतं. नव्या सभासदांच्या अर्जांवर अहिल्यानगर होतं, संघाच्या गावांच्या जुन्या यादीत अहमदनगर. गाव तेच, तालुका तोच, पण माझ्या यंत्रणेच्या लेखी ते कुठलंतरी परकं गाव. न जुळलेल्या वर्दीचं काय करायचं, ते मीच तिला शिकवलं होतं: सोडून दे आणि पुढं जा. चाचणीच्या वेळी ती अशा नोंदींवर अडून बसायची, आणि अध्यक्षांना दाखवायचा दिवस जवळ आला होता. म्हणून ती एक ओळ मी लिहिली. 'आपली नोंद झाली' हा मेसेज तर जुळवणी व्हायच्या आधीच निघत होता.

"अशा किती सोडल्या?" बाईंनी विचारलं.

अकरा. आम्ही दोघांनी अकरा घरांना फोन लावले. बहुतेकांनी बाहेरचा डॉक्टर आणला होता, दोघांची जनावरं आपसूक बरी झाली होती. एका घरी वासरू गेलं होतं. तो फोन बाईंनी माझ्या हातात दिला. "तू सांग. तुझ्या तोंडानं."

मी सांगितलं, की वर्दी आमच्याकडेच हरवली आणि चूक माझी आहे. पलीकडे एक बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी डागदरलाच शिव्या घालत हुतो. तो आलाच न्हाई म्हणून. त्याला निरोपच न्हाई, हे आमाला काय ठावं." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादीत जिल्ह्याची दोन्ही नावं घातली आणि दुरुस्ती झाली असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे नाव तू दुरुस्त केलंस. उद्या दुसरं काही येईल. मला एवढंच सांग, न कळलेली वर्दी तुझ्या यंत्रात जाते कुठं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि पुढचे पंधरा दिवस तिथंच बसून राहिलो. त्या काम कसं करतात हे मला ठाऊक होतं. काम बिघडल्यावर त्या काय करतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरनं फोन उचलला नाही की लगेच पुन्हा लावायच्या. तेव्हाही नाही उचलला, तर चहा उकळेपर्यंत थांबायच्या. मगच तिसरा फोन. चौथा नाही. मी विचारलं, आणखी एकदा लावून बघायला काय हरकत आहे. "त्याचा हात गायीच्या पोटात असेल. तू दहादा वाजवलास तर तो फोन बंद करून ठेवील, मग पुढच्या वर्दीलाही सापडायचा नाही. तीनदा, आणि मग दुसरा डॉक्टर. आणि शेतकऱ्याला सांगायचं, की माणूस बदललाय. त्याला अंधारात ठेवायचं नाही."

न सुटलेल्या वर्द्यांच्या चिठ्ठ्या त्या डोळ्यांसमोरच्या तारेला टोचून ठेवायच्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एका माणसाचं नाव असायचं. कधी डॉक्टरचं, कधी शिपाई पवारमामांचं, पुष्कळदा स्वतःचं. नाव नसलेली चिठ्ठी दिसली की खोलीभर विचारायच्या, "हिचा धनी कोण?" कुणी बोललं नाही तर तिच्यावर स्वतःचं नाव लिहायच्या. पवारमामा म्हणायचे, "बाईंच्या जेवढ्या चिठ्ठ्या, तेवढी जमीन असती तर बागायतदार झाल्या असत्या."

एकदा त्यांचीही फजिती झाली होती. ती त्यांनी स्वतःच सांगितली. एकाच गायीसाठी बापानं वर्दी दिली आणि अर्ध्या तासानं मुलानंही दिली. दोन डॉक्टर एकाच गोठ्यात पोचले. गाय तोवर गुळाचं पाणी पिऊन उभी होती. दोघांनी चहा घेतला, एकमेकांच्या औषधाला नावं ठेवली आणि परत आले. त्याच वेळी तिसऱ्या गावाची म्हैस ताटकळत होती. "तेव्हापासून एक जनावर, एक चिठ्ठी. दुसऱ्यांदा वर्दी आली तर नवीन चिठ्ठी करायची नाही, जुनीवरच लिहायचं."

हे सगळं मी यंत्रणेत उतरवलं. तीन प्रयत्न, वाढत्या अंतरानं, मग दुसरा डॉक्टर. एका जनावराची एकच नोंद. न जुळलेली वर्दी सोडून द्यायची नाही. ती लाल होऊन पडद्यावर सगळ्यात वर येणार, तिच्यापुढं एका माणसाचं नाव असणार, आणि त्या माणसानं हात लावल्याशिवाय ती तिथून हलणार नाही. 'आपली नोंद झाली' हा मेसेज काढून टाकला. आता मेसेज तेव्हाच जातो, जेव्हा डॉक्टर 'निघालो' म्हणतो, आणि वर्दी तेव्हाच बंद होते, जेव्हा शेतकरी म्हणतो डॉक्टर आले.

मग बाईंनी यंत्रणेला छळायला घेतलं. नसलेल्या गावाची वर्दी दे, अर्ध्यात फोन बंद कर, एकाच म्हशीची चार नावं सांग. त्यांना त्यात भलताच रस वाटू लागला. सकाळी आल्या आल्या म्हणायच्या, "काल तुझ्या यंत्राला तीनदा फसवलं. ये, बघ." पाचव्या महिन्यात एका दुपारी त्यांनी पाच खोट्या वर्द्या टाकल्या. पाचही लाल होऊन समोर आल्या, प्रत्येकीपुढं नाव: एस्तेर गायकवाड. त्यांनी पडदा दोनदा वाचला. "मला पकडलं यानं," त्या म्हणाल्या आणि पर्समधून काढून माझ्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली.

निरोपाच्या दिवशी अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "या पोरानं अकरा वर्द्या हरवल्या आणि अकराही घरी फोन करून सांगितलं. असा माणूस ठेवा." एवढं बोलून खाली बसल्या. मग नगरला मुलीकडे राहायला गेल्या. यंत्रणा ठेवायची की नाही, ते पावसाळ्याआधी ठरवू, असं संचालक मंडळानं सांगितलं होतं आणि तोवर माझा करार वाढवला होता. ते ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंना जे पत्र पाठवलं, ते इथं देतो.

आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. ओला कोवळा लसूणघास खाऊन पुणतांब्याच्या बाजूच्या वस्त्यांवर गायींची पोटं फुगली. सकाळी नऊच्या आत सदतीस वर्द्या आल्या. त्यातच मोबाईलचा टॉवर बंद पडला. यंत्रणा डॉक्टरांना निरोप पाठवत होती आणि निरोप परत येत होते. तिनं तीनदा पाठवून बघितलं, मधे थांबून थांबून. मग तिनं चौदा वर्द्या लाल करून समोर मांडल्या. एकही लपवली नाही. बाई, एवढं लाल बघून मला इतकं बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

आम्ही टेबलावर चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. ज्या डॉक्टरांच्या घरी जुना तारेचा फोन आहे, त्यांना तिकडे गाठलं. बाकीच्यांकडे पवारमामा चिठ्ठ्या खिशात घालून मोटरसायकलवरून निघाले. जाताना म्हणाले, "वर्दीबाईंचं पोस्ट हाय हे, उशीर करून कसं चालंल." टॉवर सुरू झाल्यावर, साडेबाराला, शेवटच्या शेतकऱ्यानं कळवलं, गाय रवंथ करतीय. सदतीस वर्द्या, सदतीस गोठे. एकही जनावर गेलं नाही.

काल मंडळाची बैठक झाली. यंत्रणा मंजूर झाली आणि मी कायम झालो. आईला फोन केला, ती बराच वेळ नुसतं "व्हय का, व्हय का" म्हणत राहिली. अध्यक्ष म्हणाले, आता ती खोली गोडाऊनला द्यायला हरकत नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, यंत्रणेला अडलं की ती कुणाचं तरी नाव घेते, त्या नावाचा माणूस तिथं बसलेला पाहिजे. थोडी वादावादी झाली. पण पवारमामांनी त्या पावसाच्या सकाळच्या चौदा चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि विषय संपला. तुमच्या जागी आता पूनम नावाची मुलगी नेमली आहे, महिनाभर ती माझ्याजवळ काम शिकत होती. हुशार आहे, फक्त डॉक्टरांना तिसरा फोन करताना घाबरते. शेजारच्या तालुक्यातला संघही आपली यंत्रणा घेतोय, त्यांची दोन माणसं शिकायला येणार आहेत. त्यांनी विचारलं, बिघडल्यावर काय करायचं ते कोण शिकवणार. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी तुमचं नाव सांगितलं.

सोमवारी सकाळी आठला संघाची जीप तुम्हाला आणायला तुमच्या दारात येईल. ड्रायव्हरला पत्ता दिला आहे, पण तो पोचल्याचं तुम्ही मला फोन करून सांगा. नाही सांगितलंत तर मी तीनदा फोन करीन आणि मग स्वतः निघेन.

आपला,
अमोल