चार तोंडांचा कार्ड रीडर

माझ्या मेहुणीचं लग्न झालं याचा एकमेव पुरावा दोन महिने माझ्या शर्टाच्या खिशात होता.

पुरावा म्हणजे टपाल तिकिटाएवढं एक निळं मेमरी कार्ड. लग्न धानोऱ्याला होतं. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. फोटोसाठी ते आमच्या नागभीडच्या यूसुफभाईंना सांगणार होते. माझ्या लग्नाचे फोटोही यूसुफभाईंनीच काढले होते. पण मी आडवा आलो. माझ्या चुलतभावाकडे नवा डिजिटल कॅमेरा होता आणि माझ्याकडे आत्मविश्वास. (त्या काळी आमच्या भागात दोन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या.) "मामाजी, रोलचे दिवस गेले. यूसुफभाईंना नाही म्हणून कळवा, फोटो मी काढतो," असं मी चारचौघांत जाहीर केलं. जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून मामाजींनी यूसुफभाईंना नाही कळवलं.

दोनशे फोटो काढले. लग्न आटोपलं, भाऊ कॅमेरा घेऊन बेंगळुरूला गेला आणि जाताना कार्ड माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "एक कार्ड रीडर घे, कॉम्प्युटरला लाव, झालं."

हे 'झालं' व्हायला दोन महिने लागले.

पहिल्या रविवारी बल्लारशा गाडीनं चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला गेलो. दुकानदारानं विचारलं, "कोणतं कार्ड आहे?"

"निळं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं आणि सहा-सात रीडर काउंटरवर मांडले. कुणाला वायर होती, कुणाला नव्हती. एकाला तर चार तोंडं होती, चारी वेगवेगळ्या मापांची. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्या क्षणी मला बुजगावण्याइतकंच कळत होतं. "भरवशाचा कोणता?" मी विचारलं. "सगळेच भरवशाचे आहेत सर," तो म्हणाला. मी चार तोंडांचा घेतला. एक तोंड बिघडलं तर तीन उरतील, हा माझा वैज्ञानिक विचार.

घरी येऊन वायर जोडणार, तोच आई आली.

"काऊन रे, तसाच लावून राह्यला? नवीन वस्तू आहे, आधी देवापाशी ठेव."

आमच्याकडे कुकरपासून सायकलपर्यंत एकही वस्तू हळदीकुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नाही. रीडर देवघरात गेला. मी हातपाय धुऊन आलो, वर लागलेलं कुंकू रुमालानं पुसलं, देवाला आणि रीडरला नमस्कार केला आणि कार्ड आत सरकवलं. ते अर्धं गेलं आणि थांबलं. दुसऱ्या तोंडात घातलं, तिथेही जमलं नाही. चारी तोंडं करून झाली. जोर लावावा तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, पाठीशी उभी.

"जोर नका लावू जी. माझ्या बहिणीचं लग्न आहे त्यात."

पुढच्या रविवारी परत चांदा. दुकानदारानं स्वतःचं कार्ड घालून पाहिलं, तेही अडलं. "पीसच खराब दिसते," म्हणत त्यानं तो बाजूला टाकला आणि एकाच तोंडाचा नवा रीडर दिला. या खेपेला मी हुशारी केली. दुकानातच कार्ड घालून पाहायला लावलं. ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, दिवा लागला. फोटो घरीच सगळ्यांसमोर उघडायचे, म्हणून मी तिथे पाहिले नाहीत. (ही हौस मला नडली.) घरी आलो, आईनं पूजा केली, कार्ड घातलं. अर्ध्यावर थांबलं!

आता मात्र माझं डोकं चालेना. दुकानात चालणारी वस्तू नागभीडला येऊन बंद का पडते? गाडीच्या धक्क्यांनी? हवेतल्या दमटपणानं? शेवटी दोष कॉम्प्युटरचा आहे असा निष्कर्ष काढून मी तो एका जाणकाराकडून पूर्ण साफ करून घेतला. त्यात आठवीच्या चाचणीचे सगळे गुण गेले. कार्ड अर्ध्यावरच राहिलं. मधल्या काळात शिक्षकांच्या खोलीत मात्र मी 'कार्ड रीडर कसा निवडावा' यावर रोज व्याख्यान देत होतो.

तिकडे धानोऱ्याहून दर रविवारी फोन.

"जावईबापू, फोटो झाले का?"

"होऊन राह्यले मामाजी."

सातव्या की आठव्या फोनला ते म्हणाले, "पोरीच्या सासरचे विचारून राह्यले. एकही फोटो नाई, मी काय सांगू त्यायले? येत्या रविवारी मीच येतो." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली. फोन ठेवल्यावर सुनंदा उठली. चप्पल घातली, कार्ड आणि रीडर पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला, यूसुफभाईकडे."

यूसुफभाईंच्या दुकानात टेबलावर कॉम्प्युटर होता. शेजारी डिजिटल कॅमेरा, माझ्या भावाच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा.

"तुम्ही डिजिटल कधी घेतला?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले सर," ते म्हणाले, आणि त्यापलीकडे काही बोलले नाहीत. हा माणूस भला आहे.

त्यांनी रीडर हातात घेतला, तोंड डोळ्याशी धरलं, मग उलटा करून काउंटरच्या काचेवर हळूच आपटला. टिक. तांदळाचा एक पिवळा दाणा बाहेर पडला. पुन्हा आपटला. टिक, टिक. एकूण पाच.

यूसुफभाईंनी ते दाणे तळहातावर गोळा केले.

"सर, वीस वर्षांपासून लग्नात माझ्या कॅमेऱ्यावर अक्षता पडून राह्यल्या. पण मशीनच्या आतून निघालेल्या आजच पाह्यल्या."

घरी आईला विचारलं. ती जराही बिचकली नाही. "मीच टाकल्या. पहिल्याले चार तोंडं होते, चौघात एकेक दाणा टाकला. कोणतंच तोंड उपाशी राहू नये. दुसऱ्याले एकच होतं, म्हून शकुनाचे पाची दाणे त्यातच."

"पण आई, कार्ड जात नव्हतं तेव्हा सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस का? तू त कॉम्प्युटर खोलून बसला होता."

फोटो उत्तम निघाले. दोनशेच्या दोनशे. मामाजी रविवारी आले, यूसुफभाईंनी लावून दिलेला अल्बम पान न् पान पाहिला, मुलीच्या पाठवणीच्या फोटोशी थांबून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चांगले काढले जावईबापू." मी सुटलो असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी मेहुण्याचं लग्न निघालं. मी धानोऱ्याला पोचलो तर यूसुफभाई आदल्या दिवसापासूनच हजर. मामाजींनी मला हाताला धरून मांडवात नेलं आणि हळदीनं पिवळ्या केलेल्या तांदळाचं मोठं ताट माझ्या हातात दिलं.

"जावईबापू, अक्षता वाटाचं काम तुमच्याकडे," ते गंभीरपणे म्हणाले. "या कामात भरवशाचा माणूस तुमच्याशिवाय नाई. फक्त यूसुफभाईच्या बाजूनं जाऊ नका."